पाववाल्याची भट्टी

१

फुंकणीचे पाय बाराही महिने गार असायचे. उन्हाळ्यात मोजे, थंडीत मोज्यांवर मोजे, आणि तरीही रोज सकाळी उठायच्या आधी थोडा वेळ ते पाय नवऱ्याच्या पोटऱ्यांना टेकवायचे, हा लग्नापासूनचा शिरस्ता. नवरा दचकायचा. "अगं, माणूस आहेस की मासा?" असं ओरडायचा. पोटऱ्या मात्र कधी मागे घ्यायचा नाही. त्याचं अंग कायम गरम. घराखालीच त्याची बेकरी होती, आणि त्याची आई कौतुकानं सांगायची की याचा हात लागला की पीठ न सांगता फुगतं.

कारखान्यात तिला समोरून मॅडम म्हणत आणि पाठीमागे फुंकणी. अंगानं ती तशीच बारीक, आणि धंदाही तोच, आगीत हवा फुंकायचा. हे नाव तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. ती भट्ट्या आखायची. कोळसा दळून पिठासारखा बारीक करायचा, हवेच्या झोतातून भट्टीत सोडायचा आणि खाली पडायच्या आत हवेतल्या हवेत जाळून टाकायचा. ऐकायला सोपं. पण कोळशाच्या कणाची आणि हवेची गाठ वेळेवर पडत नाही, आणि निम्मीअर्धी भुकटी न जळताच राखेतून काळीच्या काळी बाहेर येते. सगळ्या भट्ट्यांचं हेच रडगाणं. या नव्या भट्टीत फुंकणीनं हवेला असा काही भोवरा दिला होता की आत गेलेला कण गोल गोल फिरत राहावा, आणि पुरता जळल्याशिवाय त्याला बाहेरची वाटच सापडू नये. त्या भोवऱ्यापायी तिचे केस पांढरे झाले होते.

कारखान्यात एक जुनी पद्धत होती. भट्टी आखणाऱ्यानं स्वतःची भट्टी स्वतः पेटवायची नाही. घरच्या माणसाला बोलवायचं. त्यानं तेलात भिजवलेला पलिता आत सारायचा, झरोक्याच्या निळ्या काचेला डोळा लावायचा, आणि ज्योत धरली की मोठ्यानं 'लागली!' म्हणायचं. मग कोळसा दळायच्या चक्कीवरचे मामा भट्टीच्या दारावर खडूनं त्याचं नाव घालत. एक भट्टी साहेबांच्या मेव्हण्याची होती, एक कुणा मास्तरणीची. असं का करायचं, हे कुणालाच सांगता येत नसे. फुंकणीला वाटे, आखणारा माणूस पहिल्या धुरालाच घाबरून नको ते पेच फिरवत बसतो, म्हणून असेल.

नवरा पीठ लागलेल्या हातांनीच आला. डावीकडच्या अरुंद माचीवर चढला, पलिता आत सारला, काचेला डोळा लावला. आणि तसाच वाकून राहिला.

"काय रे? लागली का?"

"थांब की. कुणीतरी..." तो म्हणाला, आणि मग एकदम हसला. "लागली! लागली गं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी दारावर लिहिलं, 'पाववाल्याची'. 'कुणीतरी' काय, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं.

२

भट्टी झकास चालली. साहेबांनी राखेची चिमूट उचलली आणि आपल्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर चोळली. बाही पांढरीच राहिली. साहेब एवढे खूश झाले की तीच बाही वर करून सगळ्या कारखान्याला दाखवत फिरले.

फुंकणी मात्र हिशेबाला बसली. भट्टीच्या भिंतींतल्या नळ्यांतून पाणी फिरतं, ते किती तापलं यावरून भट्टीनं किती उष्णता दिली ते कळतं. कोळशात किती उष्णता होती ते आधीच मोजलेलं असतं. दिलेली नेहमी कमी भरते, कारण थोडी धुराड्यातून जाते, थोडी भिंतींतून. इथं ती जास्त भरत होती. थोडीशीच, पण जास्त.

तिनं तापमापक बदलले. कोळशाचा काटा तपासून घेतला. कोळसा दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवून पुन्हा मोजून आणला. उत्तर तेच.

"जास्तच आली ना?" साहेब म्हणाले. "कमी आली असती तर मी रडलो असतो. तुम्ही उलट्याच."

"साहेब, जास्त येणं वाईट. कमी आली तर कुठेतरी गळती असते, ती शोधता येते. जास्त आली म्हणजे आपण घातलं नाही असंही काहीतरी आत जळतंय."

"मग ते फुकट जळतंय. जळू द्या!"

ती उजव्या माचीवर गेली. ही मोठी होती, सगळे इथूनच बघत. निळ्या काचेतून ज्योत शांत दिसत होती, भोवरा अगदी आखल्यासारखा फिरत होता. फक्त ज्योतीच्या मुळाशी एक काळसर ढेकूळ होतं. वितळलेली राख अशी गोठून बसते, पण ती भिंतीला धरून. हे अधांतरी होतं, चारही बाजूंनी आग, खाली काही नाही. काचेला काजळी लागली असणार, असं म्हणून तिनं काच काढून पदरानं पुसली आणि पुन्हा पाहिलं. ढेकूळ जागेवर होतं. डोळ्यांना थकवा आलाय, ती मनाशी म्हणाली, आणि खाली उतरली. उतरताना मात्र तिनं कठडा घट्ट धरला होता.

३

दुसऱ्या सकाळी तिनं सवयीनं पाय लांब केले आणि नवरा दचकला नाही.

आधी ते तिच्या ध्यानातच आलं नाही. मग आलं. त्याच्या पोटऱ्या तिच्या पायांइतक्याच गार होत्या. तिनं पाय मागे घेतले, पुन्हा टेकवले.

"पांघरूण पडलं होतं का रे?"

"नाही. थंडी वाजतेय पण." तो झोपेतच म्हणाला. "तुझीच लागण झाली असणार. एवढी वर्षं पाय चिकटवतेस, आज ना उद्या होणारच होती."

ती हसली. खाली बेकरीत सासूबाई पिठाच्या परातीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"हे बघ गं. फुगलंच नाही. बसलंय नुसतं दगडासारखं."

"खमीर जुनं असेल."

"कालचंच आहे. शेजारची परात मी मळली, ती बघ कशी टम्म फुगली. ही त्यानं मळली." सासूबाईंनी पिठात बोट खुपसलं आणि लगेच बाहेर काढलं. "आणि गार किती लागतंय."

नवरा म्हणाला की आता आईनंच मळावं, आपण गल्ल्यावर बसून मिशीला पीळ देऊ. सगळे हसले. फुंकणीही हसली, पण कारखान्याच्या वाटेवर तिला सारखं ते बोट आठवत राहिलं. चटका बसल्यावर काढतात तसं ते काढलं होतं.

त्या आठवड्यात तो रोज थोडा थोडा गार होत गेला. फार नाही. स्वेटर घालण्याइतका, मग स्वेटरवर शाल घेण्याइतका. डॉक्टरांनी तापमापक लावला तर पारा जागचा हललाच नाही. "हा बिघडलाय," म्हणून त्यांनी दुसरा काढला. तोही बिघडलेला निघाला. शेवटी त्यांनी ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. फुंकणीला डॉक्टरांचा रागही येईना, कारण तीही आठवडाभर तापमापकच बदलत होती.

४

हिशेब सुटत नाही म्हटल्यावर तिनं शहाण्या माणसानं करावं तेच केलं. आत घालायचं कमी करू, बाहेर येणारं कमी होतं का ते पाहू.

भर दुपारी तिनं मामांना कोळसा निम्म्यावर आणायला सांगितलं. चक्कीच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे मामांना कमी ऐकू यायचं. हातवारे करून सांगावं लागे. मामांनी चाक फिरवलं, चक्कीचा आवाज उतरला, आणि फुंकणी काचेला डोळा लावून ज्योत लहान व्हायची वाट पाहू लागली.

ज्योत तशीच राहिली. भिंतींतलं पाणी तितकंच तापत राहिलं. भट्टीचा घुमारा, जो कोळसा कमी झाला की पडतोच पडतो, तो तसूभरही पडला नाही.

"मॅडम!" मामा खालून ओरडले. त्यांना वाटे आपल्यासारखं सगळ्यांनाच कमी ऐकू येतं. "चक्की उपाशी, पण हिचं पोट भरलेलंच!"

मामांना त्यात गंमत वाटत होती. फुंकणीनं काचेवरून डोळा काढला. आयुष्यभर जे व्हावं म्हणून ती झटली ते समोर होत होतं, आणि तिला पळून जावंसं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. सासूबाई होत्या. "आधी घरी ये," एवढंच म्हणाल्या.

नवरा बेकरीत ओव्हनच्या उघड्या दारापुढे बसला होता. अंगावर स्वेटर, शाल, वर पिठाची रिकामी पोती. आतले निखारे लाल होते. शेजारी उभ्या असलेल्या सासूबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता. त्याचे दात मात्र वाजत होते, इतके की त्याला बोलता येईना. फुंकणीनं त्याचा हात धरला. फरशीला हात लागावा तसं वाटलं.

"अगदी अचानक," सासूबाई म्हणाल्या. "पाव काढत होता. मटकन खाली बसला."

ती त्याला कवटाळून बसली. आता आपण काय करायचं, हे तिला खरोखर कळत नव्हतं. भट्ट्या तापवणं हा जिचा धंदा, तिला एक माणूस तापवता येत नव्हता. बऱ्याच वेळानं दात वाजायचे थांबले, ओठांवर रंग आला. त्यानं पावाचा तुकडा मागितला, चहात बुडवून खाल्ला आणि म्हणाला, "तुझी भट्टी मोठी असेल गं, पण बसायला माझीच बरी."

फुंकणीनं कारखान्यात फोन लावला.

"कोळसा? तो मघाच वाढवला की!" मामा ओरडले. "तुम्ही न सांगता निघून गेलात, म्हणून केला पहिल्यासारखा!"

कधी वाढवला ते तिनं विचारलं. मामांनी सांगितलेली वेळ त्याच्या ओठांवर रंग यायच्या जरा आधीचीच होती.

५

एकदा झालं म्हणजे योगायोग. फुंकणीच्या धंद्यात एकदा झालेल्या गोष्टीला किंमत नसते. पुन्हा करून पाहायचं, पुन्हा तसंच झालं तर मानायचं. हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं होतं, आणि दुसरा कुणी जिथं थांबला असता तिथं ती थांबली नाही. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याचीच.

दुसऱ्या दिवशी तिनं कारखान्यातून सासूबाईंना फोन लावला.

"त्याचा हात हातात धरून बसा. फोन ठेवू नका. काही वाटलं तर सांगा."

"काय वाटायचंय? बसलाय छान. शेंगदाणे खातोय."

तिनं मामांना खूण केली. मामांनी चाक फिरवलं. तिचे डोळे ज्योतीवर होते. ज्योत हलली नाही.

"काही नाही ना?"

"काही नाही. तू उगाच... अगं." सासूबाई थांबल्या. "अगं, हे काय? शेंगदाणे सांडले त्याच्या हातातले. अरे, इकडे बघ. अगं, बोटं निळी पडतायत त्याची! अगं, बघत नाही तो माझ्याकडे!"

"मामा, वाढवा!" फुंकणी किंचाळली.

मामा चक्कीला टेकून तंबाखू मळत होते. त्यांनी मान हलवली आणि हसून हात दाखवला. त्यांना वाटलं, छान चाललंय असं म्हणतेय.

माचीवरून खाली उतरायला शिडी होती. ती शिडी तिनं कशी उतरली हे तिला पुढे कधीच आठवलं नाही. गुडघा फुटला, ते रक्त पाहिल्यावर कळलं. तिनं मामांना ढकलून दोन्ही हातांनी चाक फिरवलं, निम्म्यावरून पुरं, पुऱ्यावरून आणखी पुढे, चक्की घरघरून थरथरायला लागेपर्यंत. फोन मातीत पडला होता. तो उचलून कानाला लावायचं तिला धाडस होईना.

मग लावला. सासूबाई रडत होत्या.

"आला. आला रंग. बोलला आत्ता. पाणी दे म्हणाला." आणि मग, हुंदका आवरून, अगदी हळू, "तुला कसं कळलं गं आधी? हात धरून बसा म्हणालीस. तुला कसं कळलं?"

फुंकणी चक्कीच्या बुडाशी तशीच बसून राहिली. तिनं नवऱ्याला काट्यावर ठेवून मोजलं होतं. आणि काटा बरोबर होता.

६

आता तिला सगळं पाण्यासारखं स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणूनच जास्त भीती वाटत होती. भट्टीला जेवढं लागतं तेवढं ती घेणारच. कोळसा दिला तर कोळशातून, नाही दिला तर त्याच्यातून. पाणी मारून विझवावी, तर ते पाणी उकळायला लागणारी उष्णता कुठून येणार? दार उघडून गार करावी, तर तो गारवा कुणाच्या अंगावर निघणार? जुन्या भट्ट्या गळक्या होत्या. त्यांतून सगळं बाहेर पडायचं, जे काय असेल ते. हिच्यातून काहीच बाहेर पडू नये म्हणून फुंकणीनं केस पांढरे केले होते. एकच रस्ता उरला होता. कोळसा ओतत राहायचा, उधळायचा, भट्टीला इतकं खाऊ घालायचं की तिला दुसरीकडे हात घालावा लागू नये.

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा साहेबांना मामांकडून बातमी लागलेली होती.

"निम्म्या कोळशावर तीच ज्योत! आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!" साहेब खुर्चीवरून उठलेच. "उद्या दुपारी पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर कोळसा पूर्ण बंद करायचा. बघू या किती वेळ चालते."

"नको साहेब."

"का?"

"विझवायला नको तिला."

"विझवतोय कोण? तीच म्हणतेय मी विझणार नाही."

फुंकणीनं तोंड उघडलं. नवऱ्याचे हात, न फुगलेलं पीठ, सांडलेले शेंगदाणे, सगळं ओठांवर आलं, आणि ते तिचं तिलाच वेड्यासारखं वाटलं. हेच मामांनी येऊन सांगितलं असतं तर तिनं त्यांना रजेवर पाठवलं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या मिस्टरांची तब्येत बरी नाही."

साहेबांचा चेहरा खरोखर उतरला. माणूस वाईट नव्हता. "अरेरे. मग तुम्ही उद्या घरीच थांबा ना. अगदी निश्चिंत राहा. चाक मी स्वतः फिरवीन."

७

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. पाळी बदलत होती, माणसं चहाला गेली होती. मामाही गेले. भट्टी भरपूर कोळशावर घुमत होती.

नवऱ्यानं पेटवल्या दिवसापासून डाव्या माचीवर कुणी चढलं नव्हतं. जागा अडचणीची, गुडघे पोटाशी घ्यावे लागत. फुंकणी चढली. काच धुळीनं माखली होती. तिनं बाहेरून पुसली. धूळ गेली, पण दोन डाग राहिले. ते आतल्या बाजूनं होते.

तिनं डोळा जवळ नेला.

डाग नव्हते. तळहात होते. काचेपासून थोडे दूर, आगीच्या आत, दोन तळहात तिच्याकडे करून धरलेले. थंडीत माणसं शेकोटीपुढे धरतात तसे. बोटं जरा मिटत होती, जरा उघडत होती. त्यांच्यामागचं ज्योतीच्या उजेडात धड दिसत नव्हतं, आणि ते दिसत नाही याबद्दल फुंकणीला मनापासून बरं वाटलं. आतलं जे काही होतं ते आगीत बसलेलं असूनही काकडत होतं. त्याची शेकोटी काचेच्या अलीकडे होती. इथं, या माचीवर, जिथं नवऱ्यानं डोळा लावून 'लागली' म्हटलं होतं.

ती खाली उतरली. मग उजव्या माचीवर चढली. इथून ते ढेकूळच दिसत होतं, अधांतरी, काळसर. आता तिला कळलं की ती पाठ आहे. पोक काढून बसलेली पाठ.

पळून जा, असं तिला तिचं मन सांगत होतं. सगळी अक्कल, सगळं शिक्षण हेच सांगत होतं. तिला फार भीती वाटत होती, आणि तेवढंच खरं हेही होतं की नवऱ्याशिवाय घरी जायचं तिला जमणार नव्हतं. तिनं भिंतीला टेकवलेला पलिता उचलला, तेलात बुडवला, पेटवला. आखणाऱ्यानं आपली भट्टी पेटवायची नसते. का, ते कुणाला माहीत नव्हतं. तिनं पलिता उजव्या भोकातून आत सारला आणि काचेला डोळा लावला.

एवढ्या मोठ्या आगीत त्या चिंधीच्या आगीनं काय होणार? पण भट्टीचा घुमारा एकदम थांबला. चक्की चालू होती, पंखा चालू होता, कोळसा आत जात होता, आणि तरीही शांत. कुणीतरी बोलता बोलता मान वर करून ऐकावं तसं.

तिनं काचेवरचा डोळा काढला नाही.

"लागली," ती म्हणाली.

आणि ती पाठ हळूहळू वळायला लागली.

८

घरी पोहोचली तेव्हा जिन्यातच ताज्या पावाचा वास आला. नवरा बाह्या वर सारून परातीपुढे उभा होता. स्वेटर खुंटीला, शाल खुंटीला, कपाळावर घाम. सासूबाई दारात खुर्ची टाकून त्याच्याकडे नुसत्या बघत बसल्या होत्या, नजर लागेल अशा.

"बघ!" त्यानं परातीवरचं फडकं उचललं. पीठ काठापर्यंत फुगलं होतं. "गोळ्या भारी होत्या डॉक्टरांच्या. उगाच घाबरलीस."

तिनं त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. हात भाजेल इतका गरम लागला. ती रडायला लागली, आणि मग सासूबाईही. नवरा म्हणाला, दोघी मिळून पिठात मीठ जास्त करणार आहात. गुडघ्याला काय झालं म्हणून त्यानं विचारलं, ती शिडीवरून घसरले म्हणाली. त्यानं हळद लावून पट्टी बांधली. बांधताना तो म्हणाला, "कसली गार पडलीयस." पण तो हे गेली कित्येक वर्षं म्हणत होता.

कारखान्यातून निघण्यापूर्वी तिनं दारावरचा खडू ओल्या फडक्यानं पुसला होता आणि तिथं आपलं नाव घातलं होतं. मामांना सकाळी ते दिसेल. मामा म्हणतील, असं नसतं करायचं मॅडम. आणि दुपारी पाहुणे येतील, साहेब चाकावर हात ठेवतील. तिनं त्यांना आणखी एक फोन करून पाहिला होता, उद्याचा प्रयोग पुढे ढकला म्हणून. साहेब म्हणाले, तुम्ही फार काळजी करता.

सकाळी जाग आली तेव्हा खिडकीत ऊन होतं. अंगावर दोन रजया होत्या आणि तिला त्यांचं वजन तेवढं कळत होतं, ऊब नाही. नवरा पाठ करून झोपला होता. तिनं पाय जवळ नेले, मग थांबली. मग टेकवलेच.

तो जोरात दचकला. "आई गं! अगं, माणूस आहेस की मासा? आज तर बर्फच!"

"नेहमीचेच आहेत," ती म्हणाली.

"तेही खरं." त्यानं जांभई दिली आणि पोटऱ्या तिच्याकडे आणखी सरकवल्या. "राहू दे तसेच. होतील गरम."

ती डोळे मिटून पडून राहिली. खाली सासूबाईंनी बेकरीचं दार उघडल्याचा आवाज आला. दुपार व्हायला अजून अवकाश होता.